पिकअप वाहनातील फेरबदल : खडतर वाटा आणि कायद्याची मर्यादा

छत्तीसगडमधील भिलाईजवळचे नंदिनी नगर ही चुनखडीच्या खाणीभोवती वसलेली वसाहत आहे. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिला लागणाऱ्या चुनखडीसाठी ही खाण ओळखली जाते. अशा मुलखात उन्हाळ्यात धारदार खडे आणि पावसाळ्यात निसरडा चिखल यांतून वाहन न्यावे लागते. त्यासाठी पिकअप घेणाऱ्यांना आणि त्यात फेरबदल करू इच्छिणाऱ्यांना काही बाबी ठाऊक असणे आवश्यक आहे.

पिकअपचा हौदा मजबूत चासीवर बसविलेला असतो. वजन पेलण्यासाठी मागे बहुधा पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. हौदा रिकामा असताना मागील चाकांवर भार कमी पडतो व ती चिखलात घसरतात. म्हणून खडतर वाटांसाठी चारही चाकांना गती देणारी आणि संथ गियरची सोय असलेली पिकअप घ्यावी. भारतात २०१६ साली आलेली इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटा हायलक्स ही याची उदाहरणे होत.

वाहन उंच करणे आणि मोठे टायर बसविणे हे फेरबदल हौशी मंडळींत लोकप्रिय आहेत. मात्र उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो व उतारावर वाहन कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या टायरमुळे ब्रेकवर अधिक ताण येतो, तसेच वेगदर्शक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढील बाजूस लोखंडी बुल बार लावण्यासही केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली. विमा कंपनीला न कळविलेला फेरबदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो.

फेरबदल न करताही बरेच साधता येते. उत्पादकाने मान्य केलेल्या मापाचे, खडबडीत नक्षीचे टायर वापरावेत. मऊ जमिनीवर हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. खडकाळ वाटेवर मात्र कमी हवेचे टायर कडेने फाटतात. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी. फावडे, ओढपट्टा, हवेचा पंप व सुस्थितीतील जादा चाक सोबत ठेवावे. एकट्याने जाऊ नये.

खाणीच्या वा वनखात्याच्या हद्दीत अनुमतीविना वाहन नेऊ नये. जुन्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याची खोली वरून कळत नाही, त्यामुळे त्यात वाहन घालू नये.