लाल चष्म्याचे डॉक्टर

क्ष-किरणांचा शोध 1895 साली लागला, आणि लवकरच डॉक्टर चमकणाऱ्या पडद्यावर धडधडतं हृदय थेट पाहू लागले. पण पडदा इतका मंद उजळायचा की बाहेरच्या उन्हातून आलेल्या डॉक्टरला त्यावर जवळजवळ काहीच दिसत नसे.

दोष पडद्याइतकाच डोळ्याचाही होता. अंधुक उजेडात पाहण्याचं काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विरतं आणि ते पुरतं भरून यायला अर्धा तास तरी लागतो. पॅरिसच्या आंत्वान बेक्लेर यांनी 1899 मध्येच बजावलं होतं, की आधी डोळे अंधाराला सरावू द्या. मग रोज तपासणीआधी अंधारात बसून राहणं आलं. व्यग्र डॉक्टरला हे केवढं जाचक!

1916 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी सुरेख तोड काढली: लाल काचांचा चष्मा. दंडपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. त्यामुळे चष्मा लावून डॉक्टर वावरत, लिहीत, आणि दंडपेशी मात्र अंधारातच असल्यासारख्या तयार होत. डोळ्याची उणीव अशी कामाला लावणं, ही खरी प्रतिभा.

1950च्या दशकात प्रतिमा उजळवणाऱ्या नळ्या आल्या आणि लाल चष्मे हळूहळू कपाटात गेले.