महाविद्यालयीन युवकांमधील एकाकीपणा : चेन्नईतील वसतिगृहांतून दिसणारी कारणे

उच्च शिक्षणासाठी घर सोडून चेन्नईत येणाऱ्या युवकांपैकी अनेकांना एकाकीपणाला सामोरे जावे लागते. वर्गात, वसतिगृहात आणि भोजनगृहात सतत माणसांचा सहवास असूनही ही भावना निर्माण होते, हे विशेष. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने ३० जून २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक व्यक्ती एकाकीपणा अनुभवते. १३ ते २९ वर्षे वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. त्यामुळे ही केवळ वार्धक्यातील समस्या आहे, हा समज निराधार ठरतो.

एकांत आणि एकाकीपणा

एकांत मनुष्य स्वतः निवडू शकतो. हवे असलेले नातेसंबंध आणि प्रत्यक्षात लाभलेले नातेसंबंध यांत अंतर पडले की एकाकीपणा जाणवतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये त्याचे दोन प्रकार सांगितले : जिवलग व्यक्तीच्या अभावी येणारा भावनिक एकाकीपणा आणि आपला समूह नसल्याने येणारा सामाजिक एकाकीपणा. घर सोडलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे दोन्ही एकाच वेळी येतात. आईवडील व बालमित्र दुरावलेले असतात आणि नवा समूह अद्याप जुळलेला नसतो.

मैत्री जुळण्यास वेळ लागतो. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे ५० तासांचा, तर जिवलग मैत्रीसाठी २०० तासांहून अधिक सहवास लागतो. केवळ एकत्र काम करण्यात गेलेला वेळ यासाठी तितकासा उपयोगी पडत नाही. गप्पा, खेळ व फावला वेळ यांतूनच जवळीक वाढते. प्रयोगशाळा आणि परीक्षांच्या वेळापत्रकात नेमका हाच वेळ कमी पडतो.

चेन्नईतील परिस्थिती

१९५९ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास आयआयटीत देशभरातून विद्यार्थी येतात. तेथील वसतिगृहांना गोदावरी, नर्मदा, कावेरी अशा नद्यांची नावे आहेत. मराठी विद्यार्थ्याला ही नावे आपली वाटली, तरी प्रवेशद्वाराबाहेरील व्यवहार प्रामुख्याने तमिळमध्ये चालतो. तमिळ ही द्राविडी कुळातील भाषा असून तिची लिपीही वेगळी आहे. सणही एकाकीपणाची जाणीव तीव्र करतात. महाराष्ट्रात दिवाळी अनेक दिवस चालते, तर तामिळनाडूत नरक चतुर्दशीचा एक दिवस मुख्य असतो. मुंबईचा रेल्वेप्रवास सुमारे एका दिवसाचा असल्याने अल्प सुटीत घर गाठणे कठीण होते.

मात्र भाषेची अडचण केवळ परराज्यातील विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाही. तमिळ माध्यमातून शिकून खेड्यातून आलेला विद्यार्थीही इंग्रजी वर्गात मूक होतो. शाळेत प्रथम येणाऱ्याला येथे आपण अनेकांपैकी एक असल्याची जाणीव होते. अपयश लपविण्याच्या प्रयत्नात तो घरच्यांशी दूरध्वनीवर ‘सर्व ठीक आहे’ एवढेच बोलतो.

गांभीर्य आणि उपाय

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या यादीत महाराष्ट्र पहिल्या, तर तामिळनाडू दुसऱ्या स्थानी होते. आत्महत्येमागे एकच कारण नसते. तथापि आधाराचा अभाव धोका वाढवितो. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. २५ जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक आवश्यक आहे.

चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली ‘स्नेहा’ ही संस्था स्वयंसेवकांमार्फत मनोव्यथा ऐकून घेते. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठी व तमिळसह अनेक भाषांत अहोरात्र उपलब्ध आहे.

प्रारंभीच्या महिन्यांतील एकाकीपणा बहुधा तात्पुरता असतो. ठरावीक वेळी तेच सहकारी भेटतील असा खेळ, वादन वा नाट्यगट त्यावर उपयुक्त ठरतो. झोप, भूक आणि अभ्यासावर परिणाम होऊ लागल्यास मात्र विनाविलंब समुपदेशकाची मदत घेणे हिताचे असते. पालकांनी गुणांच्या आधी ‘जेवायला सोबत कोण असते?’ असे विचारल्यास मुलाची खरी स्थिती लवकर समजू शकते.