खरखरीचा इतिहास

रेडिओच्या खरखरीस आपण सामान्यतः यंत्राचा बिघाड समजतों; परंतु तिचा इतिहास पाहिला असतां असें दिसतें कीं, सर्वच खरखर बिघाडांतून उद्भवत नाहीं. कांहीं पदार्थाच्या स्वभावांतच आहे. हा भेद कळला तेव्हांच तिच्यावर खरा इलाज सांपडला.

रत्नागिरीस आकाशवाणीचें केंद्र १९७७ सालीं मध्यम लहरींवर सुरू झालें. वळवाच्या दिवसांत सह्याद्रीवर वीज चमकली कीं रेडिओंत कडकड उठावी, आणि होडी लोटण्यापूर्वीं ऐकावयाचा वाऱ्यापावसाचा इशारा तींत बुडून जावा, हें मध्यम लहरींचें जुनें दुखणें. येथें ध्वनि लहरीच्या उंचीवर आरूढ होऊन येतो. विजेचा आघातहि ती उंचीच बदलतो. मग यंत्रानें दोहोंची निवड करावी कशी? अमेरिकेंतील आर्मस्ट्राँग यांनीं १९३३ सालीं पेटंट मिळविलेल्या पद्धतींत ध्वनि लहरीच्या कंपनसंख्येवर लादला. त्यामुळें उंचीवरील आघात छाटून टाकतां आला. बाहेरची खरखर अशी दाराशींच अडवितां येते.

परंतु घरांतल्या खरखरीचें काय? १९१८ सालीं जर्मनींत शॉटकी यांनीं दाखविलें कीं, निर्वात नळींतील प्रवाह अखंड धार नसून कौलांवर टपटपणाऱ्या थेंबांसारखा आहे. १९२८ सालीं जॉन्सन यांनीं मोजून व नायक्विस्ट यांनीं गणितानें सिद्ध केलें कीं, कोणत्याहि रोधकांत केवळ उष्णतेमुळें इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालते व तिची खरखर होतेच. तपमान, रोध किंवा कंपनांचा पट्टा कमी केल्यास ती घटते. नाहींशी होत नाहीं.

येथें १९४४ सालीं फ्रीस यांनीं मांडलेला हिशेब उपयोगीं पडला. संदेश मोठा करणारे वर्धक एकापुढें एक जोडले असतां पहिल्याची खरखर सर्वांत घातक. कारण पुढचे सर्व वर्धक संदेशाबरोबर तीहि वाढवितात. म्हणून पहिला वर्धक शांत हवा, आणि तो संदेशाच्या उगमाशींच हवा.

या तत्त्वाची थोर साक्ष महाराष्ट्रांत नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या या रेडिओ-दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. मानवी यंत्रांचा उपद्रव कमी म्हणून ही जागा निवडली. पहिले वर्धक प्रत्येक तबकडीच्या नाभीपाशींच बसविले. एवढा खटाटोप कशासाठीं? आकाशाची खरखर ऐकण्यासाठीं! समुद्रापारच्या टेलिफोनांतील व्यत्ययाचें मूळ शोधतां शोधतां जान्स्की यांना १९३३ सालीं जी आकाशगंगेंतून येते असें उमगलें, तिच्याच जातीची ही.

एकाची खरखर ती दुसऱ्याची वार्ता. म्हणून आम्हांस वाटतें, तिला दडपण्यापूर्वीं ती कोठून येते हें आधीं विचारावें.