मेहकरला या, पण हात मोकळे ठेवा

डोळे उघडायच्या आधीच नाकाला कळतं, की आपण भलतीकडे येऊन पडलो आहोत. आंबलेली खळ, एरंडेल, ओली माती आणि शेळ्या. घाबरू नका. हे बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकरच आहे. फक्त जिल्हा व्हायचाय, आणि आगगाडी अजून वऱ्हाडात यायचीय. तुमच्या पायांखाली कुठेतरी शारंगधराची, म्हणजे विष्णूची, 10 फुटांहून उंच मूर्ती मातीत दडलेली आहे. ती 1888 साली खोदकामात निघेल. हे तोंडातून काढू नका, नाहीतर अख्खं गाव कुदळी घेऊन धावेल.

समोरचा पडका तट दिसला? तो कुण्या राजानं घातलेला नाही. इथल्या मोमीन विणकरांनी गावाभोवती तो स्वतःच्या कमाईतून उभारला. वेशीवरचा लेख 1488 सालचा आहे. लूट झाली, दुष्काळ आले, दगड ढासळले. माग मात्र चालू आहेत. ऐका: खट्... धप. खट्... धप. अख्खी गल्ली त्या ठेक्यावर जागी होतेय.

उन्हं वर यायच्या आत गल्लीत पांजणी उरकायची आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या कैच्यांवर ताणा पसरलाय, कमरेएवढ्या उंचीवर, शेकडो उभे धागे. दोघं जण त्याच्या दोन्ही अंगांनी चालत ज्वारीच्या पिठाची खळ कुंच्यानं धाग्यांत मुरवतायत. तुम्ही बघत उभे राहता, तोच हाक येते.

"पावनं, उभे काहून राह्यले? टोक धरा ना बाप्पा!"

धरता. खळ बोटांना चिकटते, मग वाळून कातडी ताणते. शेळीचं एक करडू ताण्याखालून निसटायला बघतं आणि तीन घरांतून एकदम आरडाओरडा होतो. करडाला हाकलायच्या गडबडीत तुमच्या हातून एक धागा तुटतो. हाक मारणाऱ्या आजी रागावत नाहीत. दोन टोकं अंगठ्याखाली घेतात, खळीच्या बोटानं पिळतात, सोडतात. कुठे तुटलं होतं ते आता तुम्हालाच सापडणार नाही.

चला, आत. वाकून या, चौकट बुटकी आहे. बाहेरच्या उजेडातून आल्यावर आधी काही दिसत नाही, मग हळूहळू माग दिसायला लागतो. निम्मं घर त्यानंच खाल्लंय. विणणारे काका जमिनीच्या पातळीवर बसलेत, पाय खड्ड्यात, पावड्यांवर. उजव्या हातानं धोटा सोडतात, डावा झेलतो, फणी आपटते. खट्... धप. खोलीला खिडकी नसल्यासारखीच आहे, जमीन मुद्दाम ओलसर ठेवलीय, कारण कोरड्या झळीनं सूत तटातट तुटतं. म्हणजे बाहेर वैशाख आणि आत दमट कोंडवाडा. घाम तुमच्या पाठीवरून ओघळतो, काकांच्याही. त्यांनी तो पुसायला हात थांबवलेला मात्र तुम्हाला दिसणार नाही.

बसा त्यांच्या जागी, हौस असेल तर. पाय खड्ड्यात सोडले की गार वाटेल, छान वाटेल. मग पावडी दाबा, धोटा टाका, झेला. नाही झेलला? तो चुलीपाशी गेला. चुलीपाशी भाकरी थापणारी वहिनी पिठाळ हातानंच तो परत भिरकावते आणि हसू पदरात लपवते. कोपऱ्यात आठ-नऊ वर्षांची पोर रहाटावर कांड्या भरतेय. ती थांबली तर माग थांबेल, हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती थोडी मिजाशीतही आहे. ओसरीवर शेजारच्या खेड्यातली बाई कातलेलं सूत घेऊन भाव ठरायची वाट बघतेय. विणकर म्हणून नाव काकांचं. कापडाला हात लागलाय साऱ्या घराचा, आणि घराबाहेरच्यांचाही.

दुपारी भाकरी, ठेचा, रांजणातलं पाणी. लगेच उठा, काठाचं लाल सूत आणायचंय.

रंगाऱ्याचं अंगण डोळ्यांआधी घशाला जाणवतं. लाल रंग इथे आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून निघतो. झाड तीन-चार वर्षांचं झालं की खणायचं. जाड मुळ्यांत दम नसतो, खरा रंग बारीक मुळ्यांचा. पण सूत त्याला सहजी वश होत नाही. आधी एरंडेल, खार आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात मळायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा मळायचं, पुन्हा टाकायचं. मग हिरडा, मग तुरटी. त्यानंतर कुठे आलीच्या भुकटीबरोबर उकळी. नाक दाबलंत? रंगारी हसतोय. पलीकडे निळीचा रांजण आहे, त्याचा वास याहून भारी. पण जरा थांबा: त्यातनं लडी वर येते ती पिवळट-हिरवी, आणि वारा लागताच तुमच्या डोळ्यांदेखत निळी होत जाते. रंगाऱ्यानं हे हजारदा पाहिलंय. तरी लडी पुरती निळी होईपर्यंत त्याची नजर हलत नाही.

आणि आता बाजार. गाड्यांची धूळ, गुळावरच्या माश्या, मिरचीचा ठसका, कोपरांचे धक्के. काकांनी फडक्यावर धोतरं मांडलीत, बारीक सुताची, लाल काठाची. एक गिऱ्हाईक येतं, पोत अंगठ्यानं चोळतं, उजेडाकडे धरतं, नाक मुरडतं.

"येवढे? दोन आणे कमी करा."

तुमच्या बोटांवर अजून वाळलेली खळ आहे, नखांत लाल उतरलाय, पाठ मोडलीय. काका शांतपणे दुसरी घडी उलगडायला लागतात. त्यांना हे रोजचं. आयुष्यभर दुकानादुकानांतून घासाघीस करत आलेले तुम्ही मात्र बाह्या सरसावता आणि विकणाऱ्याच्या बाजूनं पहिल्यांदाच भांडायला उभे राहता.