हैदराबादेतील पगारजप्ती आणि नादारी

हैदराबादेत सावकाराची नजर घरादारापेक्षा ऋणकोच्या येत्या उत्पन्नावर असे. याचे सर्वात मोठे उदाहरण खुद्द निजाम सरकारचे आहे. फौजेचा पगार वेळेवर देता येईना, तेव्हा राज्याचा कारभार चालवणारा पेशकार चंदूलाल सावकारांकडून उचल घेई आणि वसुलीसाठी जिल्ह्यांचा महसूल तोडून देई. पामर आणि कंपनी या पेढीकडे वऱ्हाड व औरंगाबादकडच्या फौजेच्या पगाराचे काम याच रीतीने आले. 1820 मध्ये या पेढीच्या नावे 60 लाखांचे कर्ज मंजूर झाले. हैदराबादेतील ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट (प्रतिनिधी) चार्ल्स मेटकाफने या व्यवहाराला कडाडून विरोध केला. अखेर 1823 मध्ये उत्तर सरकार प्रांतासाठी कंपनीकडून मिळणाऱ्या पेशकशीवरचा (खंडणीवरचा) हक्क कायमचा सोडून निजामाने कंपनी सरकारकडून 1 कोटी 16 लाखांहून अधिक रक्कम घेतली आणि पामरचे देणे भागवले. पेढी पुढच्याच वर्षी बुडाली. 1853 च्या तहाने तर निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात गेला. राज्याचे उत्पन्न असे धनकोकडे गेले, पण राज्याच्या हाती किमान किती राहावे हे सांगणारा कायदा नव्हता.

सामान्य ऋणकोची स्थिती याहून वाईट होती. शहरातील अरब जमादार सावकारीही करत. देणे थकले की दारात धरणे धरत आणि ऋणकोला आपल्या खासगी कैदेत ठेवत. 1853 मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी न्यायालये उभारून ही सत्ता मोडली. खेड्यांत मात्र भगेला पद्धत टिकली. तीत मजूर कर्जापोटी सावकाराच्याच शेतात राबे, म्हणजे मजुरी हातात पडण्याआधीच वळती होई. तिला आळा घालण्यासाठी 1353 फसलीत (1943–44) विनियम झाला.

1951 मध्ये भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली. तिच्या कलम 60 ने पगारजप्तीला माप घातले. हुकूमनामा झाल्यावर धनको दरखास्त दाखल करतो आणि न्यायालय मालकाला कपातीचा आदेश देते. खासगी नोकरांसाठी ही स्पष्ट तरतूद 1976 च्या दुरुस्तीने आली. आज पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर असतो. हिशेबात धरायचा पगार 31,000 रुपये असेल, तर 10,000 कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी 24 महिने कपात झाली की त्यासाठी पगार कायमचा मोकळा होतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला ही सवलत नाही. तिथे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, आणि ते योग्यच आहे, कारण पोटगीही कुणाच्या तरी पोटाचाच प्रश्न असतो. सरकारी पेन्शन आणि भविष्यनिर्वाह निधी जप्तीबाहेर आहेत.

कर्जे अनेक असतील तर नादारीचा अर्ज करता येतो. हैदराबादेत त्याला ‘आयपी (इन्सॉल्व्हन्सी पिटिशन) टाकणे’ म्हणतात. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी 1909 चा वेगळा कायदा आहे. हैदराबादेत 1920 चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. नादारी जाहीर झाली की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि एकेका धनकोला परवानगीशिवाय स्वतंत्र वसुली करता येत नाही. पगार मात्र पूर्ण सुटत नाही. जप्त होऊ शकणारा हिस्सा न्यायालयाकडून नादारीतून मुक्तता मिळेपर्यंत सर्व धनकोंच्या सामाईक निधीत जाऊ शकतो. जप्तीबाहेरचा हिस्सा रिसीव्हरलाही घेता येत नाही. मुक्ततेनंतर जुनी देणी संपतात. सरकारी देणे, फसवणुकीचे कर्ज आणि पोटगी उरतात.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठीही तरतुदी आहेत. पण 1 डिसेंबर 2019 पासून त्या फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाल्या. कर्जबाजारी कारकुनाला किंवा शिक्षकाला अजून शंभर वर्षांपूर्वीच्याच कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जावे लागते. बड्या उद्योगपतीच्या जामिनासाठी कालबद्ध प्रक्रिया उभी असताना पगारदाराला ती नाकारली जाणे ही नादारीच्या कायद्यातील सर्वात मोठी उणीव आहे.