परवान्याची परीक्षा

एप्रिल-मेच्या सुट्टीत कोल्हापुरातील घराघरांत एक निराळाच अभ्यास चालू असतो. नुकतीच अठरा वर्षे पुरी झालेली मुले शिकाऊ परवान्याचे प्रश्न पाठ करीत असतात. वर्तुळातील खूण म्हणजे हुकूम, त्रिकोणातील म्हणजे इशारा, आयतातील म्हणजे माहिती! घरच्या नातीची उजळणी घेताना आम्हांस वाटले की, या नीरस दिसणाऱ्या अभ्यासालाही इतिहास आहे आणि तो पाहण्याजोगा आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारींचा पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली. गाडी तर चालवून दाखवावयाचीच, शिवाय रस्त्याचे नियम व खुणांचा अर्थ ठाऊक असल्याची परीक्षकाची खात्री पटवावयाची, असे या दुसऱ्या कायद्याने सांगितले. खात्री पटवावयाची, पेपर लिहावयाचा नव्हे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि येथील गाडीवानही मुंबईच्या कारभाराखाली आला.

पण कायदा काही म्हणो, ड्रायव्हर घडे तो ट्रकवरच. पोरगा क्लीनर म्हणून चढे, पाणी-हवा पाही, मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणे, आणि चार-दोन वर्षांनी उस्ताद त्याच्या हाती चाक देई. गुळाच्या हंगामात शाहूपुरीच्या वाटेवरील बैलगाड्यांतून ट्रक अलगद काढणे, ही त्याची परीक्षा. या विद्येला आम्ही कमी लेखत नाही. मात्र तिच्याबरोबर उस्तादाच्या खोडीही शिष्याकडे येत. हॉर्न दिला की वाट आपली, ही समजूत कोणत्याच कायद्यात नव्हती. ती गुरुपरंपरेने आली.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्याखालील केंद्रीय नियमांनी शिकाऊ परवाना देण्यापूर्वीच ज्ञानाची चाचणी ठेवली. तिचे विषय चार : खुणा व रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाचे कर्तव्य, रखवालदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी, आणि जवळ बाळगावयाचे कागद. (ब्रॉडगेजवरील अशी फाटके २०१९ पर्यंत नाहीशी झाली, १९८९ साली मात्र तो जिवाचा प्रश्न होता.)

येथे वाचता येण्याची बाब आलीच. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या गावात वाचण्याची अट जाचक वाटू नये, असे कोणी म्हणेल. तरीही व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट केंद्र सरकारने २०१९ साली काढली, ते आम्हांस योग्यच वाटते. ज्याचा हात चांगला, त्याची भाकरी दाखल्यावाचून का जावी? फक्त त्याला नियम तोंडी, त्याच्या बोलीत, कोणीतरी नीट समजावून दिले पाहिजेत; ते काम कोणी अंगावर घेतलेले दिसत नाही.

आणि वाचणाऱ्यांचे तरी काय? २०२१ पासून महाराष्ट्रात ही चाचणी घरी बसून देता येऊ लागली. पाठांतराने पास होणे सोपे. परंतु चारांतील दुसरा विषय पाठांतराचा नव्हे. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, आणि जमावाच्या क्षोभामुळे वा आपल्या हाताबाहेरच्या अन्य कारणाने ते अशक्य असेल तेवढ्यापुरतीच सूट, असे कायदा म्हणतो. पोलिसांना वर्दी देणे मात्र सुटत नाही. ती लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत दिलीच पाहिजे. जमाव दिसताच गाडी दामटावी, ही उस्तादांच्या शाळेतील जुनी शिकवण. कायदा करणाऱ्यांना ती भीती ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी जमावाचे नाव घेतले, पण जखमीला रस्त्यावर टाकून गप्प बसण्याची मुभा दिली नाही.

नातीने ‘चोवीस तास’ हे उत्तर बिनचूक दिले. मग पुस्तक मिटून तिने विचारले, “पण आबा, जमाव खरंच आला अंगावर, तर त्या माणसाला दवाखान्यात न्यायचं कुणी?”

आम्ही चष्मा पुसला आणि ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतले.