शाईचा पुरावा कुठवर पोहोचतो?

धनादेश न वटल्याच्या खटल्यांत एक बचाव वारंवार ऐकू येतो: सही माझीच आहे, पण रक्कम आणि तारीख नंतर दुसऱ्याने भरली. मग धनादेश न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अर्ज होतो. टी. नागप्पा विरुद्ध वाय. आर. मुरलीधर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सहीचे वय तपासून घेण्याची आरोपीची विनंती मान्य केली होती. प्रयोगशाळा प्रत्यक्षात काय सांगू शकते, हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे.

प्रथम कागदाला धक्का न लावता तपासणी होते. डोळ्यांना सारखाच काळा दिसणारा मजकूर अवरक्त प्रकाशाखाली दुभंगतो. एका शाईची रेघ दिसेनाशी होते, दुसरीची काळीच राहते. आकड्यापुढे मागाहून जोडलेले शून्य अशा वेळी उघडे पडते. एवढ्याने निर्णय झाला नाही, तर पोकळ सुईने शाईच्या रेघेतून कागदाचे अगदी बारीक तुकडे काढतात. त्यांतील शाई द्रावकात विरघळवून सिलिकाच्या पातळ थरावर चढविली की तिच्यातील रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. यात मूळ दस्तऐवजाला छिद्रे पडतात, त्यामुळे न्यायालयाची परवानगी लागते. जेल पेनच्या अनेक शायांतील रंगकण विरघळतच नाहीत. तेथे ही पद्धत निरुपयोगी ठरते.

दोन शायांची रचना वेगळी निघाली, तर त्या भिन्न असल्याचे तज्ज्ञ ठामपणे सांगू शकतो. सारखी निघाली, तर दोन्ही मजकूर एकाच पेनाने लिहिले असे ठरत नाही. त्याच शाईची असंख्य पेने बाजारात असतात.

खरी अडचण वयाची आहे. बॉलपेनच्या बहुतेक शायांत फिनॉक्सिइथेनॉल हे द्रावक असते. लिहिल्यानंतरच्या काही महिन्यांत ते वेगाने उडून जाते, पुढे हा वेग मंदावतो आणि साधारण दोन वर्षांनंतरचा बदल मोजण्याइतका उरत नाही. कागदाचा प्रकार आणि साठवणुकीतील उष्णता यांचाही परिणाम होतो. सही सात वर्षांपूर्वीची की दहा, हे या मार्गाने कळत नाही. शाई वा लेखणी केव्हा प्रचारात आली, हा निकष कधी कधी अधिक उपयोगी पडतो. बॉलपेनची व्यापक विक्री १९४५ नंतरची. १९३० ची म्हणून पुढे केलेली बॉलपेनची सही तेवढ्यावरच संशयास्पद ठरते.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य आहे, बंधनकारक नाही. शिवाय शाई भिन्न असल्याचे सिद्ध झाले, तरी आरोपी सुटतोच असे नाही. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, की स्वेच्छेने सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशावरील तपशील दुसऱ्याने भरला, तरी देण्याबाबतचे कायदेशीर गृहीतक कायम राहते. देणे नव्हते, हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवरच येते. आधी लिहिलेल्या रकमेतच संमतीवाचून फेरफार झाला असेल, तर गोष्ट निराळी. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ८७ नुसार असा महत्त्वाचा बदल धनादेशच निष्प्रभ करू शकतो.